रस्सा तेवढा आमचा

अंगात रक्त कमी आहे असं ज्या बायांना डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त मध्ये मध्ये बोलू नये. माझ्या आजारात माझ्यावतीने सगळे बोलले आणि त्या बोलण्यापायी मी मरायला टेकले होते. आता मी बोलते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं घर नागपूरच्या जुन्या वस्तीत, इतवारीपासून पायी जाता येईल इतकं जवळ. आम्ही कोष्टी. सासरे होते तोवर घरात माग चालायचे. पुढे मागावरच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा माझ्या नवऱ्याने, म्हणजे कुंदाच्या बाबांनी, समोरच्या खोलीतले माग काढले, बाकं टाकली आणि सावजी भोजनालय उघडलं. मटण, खूर, सुंदरी म्हणजे आतडी, आणि कलेजी. संध्याकाळ झाली की बाहेर सायकलींची रांग लागायची. ज्यांच्या घरात अंडं फुटलेलं चालत नाही असे साहेब मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि नाकातून पाणी गळेपर्यंत खायचे. जाताना बडीशेप चावून घरी सोवळे. या देशात मटण कोण खातं आणि कोण खात नाही, हे भोजनालयाच्या मागच्या दारातून जेवढं कळतं तेवढं कुठेच कळत नाही.

त्या मागच्या दाराआड मी असायचे. काळा मसाला पाट्यावर मी वाटायचे, सासूबाई फोडणीला बसायच्या. सगळी गल्ली म्हणायची, या घरात काय कमी आहे, रोज मटण शिजतं!

शिजत होतं. खरंच आहे.

लेखण्या

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. पाट्यावर बसले की धाप लागायला लागली. विहिरीवरून एक घागर आणली की काळीज कानात वाजायचं. नखं वाटीसारखी खोलगट झाली. आरशात पाहिलं तर ओठ कुठले आणि गाल कुठला ते कळेना.

आणि मला माती खावीशी वाटायची. हसू नका. पोतेरं फिरवलेल्या भिंतीचा ओला वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. कच्चे तांदूळ मी मुठी मुठीने खाल्ले. माझी मुलगी कुंदा तेव्हा शाळेत होती. तिच्या पाटीच्या लेखण्या मी चोरून खायचे आणि ती मास्तरांचा मार खायची. सासूबाईंनी एकदा पकडलं.

"काहून वं, डोहाळे लागले का?"

"नाई माय."

"मंग काय भूत लागलं? भरल्या घरात माती खाऊन राहिली! लोक म्हणतीन, सून उपाशी ठेवली."

लोक काय म्हणतील ही काळजी. सून उपाशी आहे का, ही नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावर अडलं. मला महिन्याच्या महिन्याला फार जायचं. धडपे पुरायचे नाहीत, इतकं. हे सासूबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर उपायही केला होता. उपाय असा की, बाईच्या अंगावरून फार जातं ते अंगातल्या उष्णतेने, आणि मटण उष्ण. म्हणून मला मटण बंद. कुंदा पाळण्यात होती तेव्हापासून बंद. रस्सा चालायचा, कारण रस्सा म्हणजे पाणीच. बोटी, म्हणजे मटणाचा तुकडा, नाही. कलेजी तर नावच काढायचं नाही, ती सगळ्यात उष्ण.

हे काही आमच्याच घरचं शास्त्र नव्हतं. आजूबाजूला कोणालाही विचारा, तेच सांगायचे. म्हणजे रक्त जातं म्हणून रक्त भरून काढणारी वस्तू तोंडातून काढून घ्यायची. विहीर आटली म्हणून तिचे झरे बुजवण्यातली गत.

बरं, मला बंद नसतं तर मिळालं असतं का? तेही नाही. आधी गिऱ्हाईक, मग घरचे पुरुष, मग मुलं, मग बाया. बायांची पाळी येईतो भगुण्यात रस्सा आणि तळाला हाडं. पण ती मुकाट्याने चाललेली रीत होती. माझ्यावर तर औषधाच्या नावाने शिक्का मारला होता.

"डॉक्टरसाहेब, आमचं सावजी हाये"

एका दुपारी पाट्यावरच मी आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा कांदा नाकाशी होता आणि केसांत मसाला. मग मात्र कुंदाचे बाबा मला रिक्षात घालून धंतोलीला घेऊन गेले. तिथे दवाखान्याला लागून दवाखाना. कुठून कुठून आलेली माणसं पथारी टाकून बसलेली.

डॉक्टर मोठे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि एकदम गंभीर झाले. मग विचारलं, "खाण्यापिण्यात काय असतं?"

माझ्याकडे बघून विचारलं होतं. मी तोंड उघडलं. पण उत्तर आलं ते शेजारच्या खुर्चीतून.

"डॉक्टरसाहेब, आमचं सावजी हाये! घरी रोज मटण शिजते. खाण्याची काही कमी नाई."

किती अभिमानाने सांगितलं! छाती अशी पुढे. डॉक्टरांनी मान हलवली आणि तो विषय तिथेच मिटला. मी उघडलेलं तोंड मिटलं. मला आजही कळत नाही मी का मिटलं. नवरा खोटं बोलत नव्हता हो. घरी रोज मटण शिजत होतं. त्याला खरोखर वाटत होतं की घरात शिजतं म्हणजे सगळे खातात. इतकी वर्षं तो जेवून उठला आणि मागच्या ताटांत काय पडतं ते त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. असा माणूस खोटं बोलायच्या लायकीचासुद्धा नसतो.

पाळीबद्दल डॉक्टरांनी आडून विचारलं. परक्या पुरुषापुढे, नवरा बाजूला, मी म्हटलं, "ठीक आहे."

झालं. खाणं उत्तम, पाळी ठीक. मग रक्त गेलं कुठे? डॉक्टरांनी मला सरकारी मोठ्या दवाखान्यात भरती करायला सांगितलं.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस कसे असतात ते ज्याने काढले त्याला माहीत आहे. पहाटे फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग मुख्य डॉक्टरांच्या, म्हणजे साहेबांच्या, फेरीची धांदल. फेरी आली की सगळ्या बायका चादरी नीट करून मेल्यासारख्या पडायच्या. साहेबांच्या मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. माझ्या पलंगापाशी त्यांना फार करमायचं. मी कोडं होते ना! धंतोलीच्या चिठ्ठीप्रमाणे मांसाहारी घरातली, पाळी ठीक असलेली बाई आणि रक्त पाण्यासारखं. कोणी म्हणे पोटात जंत, कोणी म्हणे आतड्यात जखम असेल. शौच तपासलं. रबराची नळी गिळायला लावली, ती उलटीसकट बाहेर आली, पुन्हा गिळायला लावली. काही सापडलं नाही.

रक्त द्यायचं ठरलं तेव्हा घरच्यांना बोलावलं. सगळे आले. कुंदाचे बाबा, दोन दीर, चुलतसासरे. मटणाची नळी चोखून चोखून माजलेले चांगले गडी. रक्त द्या म्हटल्यावर एकेक जण पांढरा पडला. एकाला चक्कर येते, एकाला रात्रीची जागरणं, एकाचा खांदा दुखतो.

"भोजनालय कोण पाहीन मंग?" कुंदाचे बाबा म्हणाले. "कमजोरी येते ना वं त्यानं."

शेवटी उमरेडहून माझा भाऊ आला. तो देऊन गेला आणि दुपारच्या बसने परत शेतावर.

भीती कशी असते सांगू? मला कोणी काही सांगत नव्हतं. पण एकदा मी डोळे मिटून पडले होते आणि व्हरांड्यात माझी मोठी जाऊ सासूबाईंना म्हणत होती, "रक्ताचा कॅन्सर असन. कुंदाले कोण पाहीन?" आणि सासूबाई म्हणाल्या, "पाहू. पारडीची माही भाची हाये ना."

भाची लग्नाची होती. मी अजून मेलेली नव्हते. त्या दिवशी मी रडले नाही, मला रडू आलंच नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या ताटात दगड वाढले.

शेवंताबाई

माझ्या शेजारच्या पलंगावर शेवंताबाई होत्या. इंदोऱ्याच्या. पोटाचं ऑपरेशन झालेलं, वय माझ्या आईएवढं. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वर्षी नवऱ्याबरोबर पांढरं लुगडं नेसून गेल्या होत्या, ते त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि प्रत्येक वेळी डोळे पुसायच्या. त्यांची सून दुपारी डबा आणायची. त्या दिवशी डब्यात मटण होतं. झाकण उघडलं आणि मला वास आला. मी तोंड फिरवलं. मटणाच्या वासात जन्म काढलेली मी, पण त्या दिवशी तो वास मला सोसला नाही.

"काहून तोंड फिरवून राहिली वं? वास येते का?"

"वास नाई. मले चालत नाई मटण."

"सावजीची ना तू?"

मग मी सांगितलं. कशी कोण जाणे, सगळं सांगितलं. उष्ण, रस्सा, बोटी, हाडं. शेवंताबाई खाता खाता थांबल्या. मग इतक्या हसल्या की टाके दुखले म्हणून पोट धरून बसल्या.

"अवं बाप्पा! म्या समजत होती आमच्याच नशिबात रस्सा हाये. आमच्याकडे मोठ्या जनावराचं शिजो का लहान्याचं, बोट्या सगळ्या माणसायच्या. तुमी तं दुकानवाले!"

मग हसणं थांबलं. त्यांनी एक बोटी झाकणावर काढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आमच्या हातचं चालते का तुले?"

आमच्या घरात चालत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण चालत नव्हतं, आणि ते शेवंताबाईंना माझ्याहून जास्त माहीत होतं. मी हात पुढे केला. बोटी तोंडात टाकली आणि भिंतीकडे वळून चावत राहिले, चोरासारखी. माझ्या दवाखान्यातल्या दिवसांतलं एकच सुख विचाराल तर ते हे. शेवंताबाई त्यानंतर डबा आला की विचारत नसत, सरळ झाकण सरकवायच्या. त्यांच्या सुनेने एक बोटी जास्त घालायला सुरुवात केली तेही मी ओळखलं.

"मले इचारा ना!"

मग छातीच्या हाडाची तपासणी झाली. छातीच्या मधोमध जाड सुई घालतात आणि हाडातला मगज ओढतात. ओढताना जे होतं ते मी लिहीत नाही, तुमच्यापैकी कोणाची व्हायची असेल तर उगाच धसका घ्याल. लवकर संपतं, एवढं खरं आहे.

फेरीत साहेबांनी निकाल सांगितला. मला नाही, कुंदाच्या बाबांना. ते त्या दिवशी आले होते, हात मागे बांधून उभे. साहेब म्हणाले, कॅन्सर नाही. हाडाचा कारखाना चांगला आहे, पण माल येत नाही. लोह नाहीच. "आता प्रश्न असा, की घरी रोज मांसाहार असताना लोह जातं कुठे? आतून कुठेतरी रक्त जात असणार. पोट उघडून बघावं लागेल."

"उघडा साहेब," कुंदाचे बाबा म्हणाले. "जे करायचं ते करा. खाण्यात तं आमी काही कमी केलं नाई."

उघडा म्हणे! मी काय कपाट होते?

माझ्या अंगात तेव्हा उठून बसायची ताकद नव्हती. तरी मी उठून बसले. सगळा वॉर्ड ऐकेल असं ओरडले.

"मले इचारा ना! खाते मी, तं मले इचारा! त्यायले काय माईत?"

साहेब दचकले. शिकाऊ डॉक्टरांतली एक मुलगी हसू दाबायला लागली.

"मी मटण खात नाई साहेब. मी मटण शिजवते. मले भाकर आन् रस्सा भेटते. बोटी खाऊन मले किती वर्षं झाली ते ह्यायलेच इचारा, पाहा सांगता येते का. आन् मले पाळीत इतकं जाते का लुगडं खराब होते. तेच्यासाठीच मटण बंद केलं माह्यं, उष्ण म्हणून. आता उघडा कोणाचं पोट उघडायचं ते!"

शेवंताबाई पलंगावरून म्हणाल्या, "खरं हाये साहेब. माह्या डब्यातल्या खाल्ल्या तेवढ्याच."

साहेब कुंदाच्या बाबांकडे वळले. काय बोलले ते मी सांगत नाही, ते इंग्रजीत होतं. पण माझ्या नवऱ्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. मग साहेब माझ्या पलंगावर टेकले. पहिल्यांदाच टेकले. माझ्याकडे बघून, मला विचारलं. सकाळी काय, दुपारी काय, पाळीचे दिवस किती. बाईडॉक्टरला बोलावून वेगळी तपासणी केली. पोट उघडावं लागलं नाही. पिशवीला सूज होती, त्याची औषधं झाली. लोहाच्या गोळ्या, कंबरेत सुया, आणि खाण्यात कलेजी. साहेबांनी कुंदाच्या बाबांना बजावलं, "मटण उष्ण वगैरे काही नसतं. हिला कलेजी द्या. हिला, कळलं?"

बायांनो, डॉक्टरांनी "काय खाता" असं विचारलं तर शेजारच्या खुर्चीला बोलू देऊ नका. मला यापलीकडे काही शिकवायचं नाही. आपल्या देशात घर मटण खातं की नाही तेवढं विचारतात. ताट कोणाचं ते कोणी विचारत नाही. एक हो म्हटलं की सगळ्या घराचं हो.

औषध

घरी आल्यावर मला कलेजी मिळायला लागली. पण कशी? सगळ्यांची जेवणं झाल्यावर, एका वाटीत, वरून झाकलेली, दाराआड. सासूबाई वाटी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घे, औषध घे." कडू काढा असावा तशी. मी खायचे. भांडायला आधी अंगात रक्त लागतं.

ते हळूहळू आलं. नखं सपाट झाली. माती खायची इच्छा एक दिवस अशी गेली की गेली तेही कळलं नाही. रिपोर्ट चांगला आला, तो कुंदाच्या बाबांनी भोजनालयात गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी बंद!

"औषध संपलं ना वं," सासूबाई म्हणाल्या. "बरी झाली ना आता तू?"

मी गप्प बसले असते का, माहीत नाही. कदाचित बसलेही असते. इतकी वर्षं बसलेच होते. पण त्याच आठवड्यात कुंदा मोठी झाली. तिची पहिली पाळी. सासूबाईंनी तिची ओटी भरली, गूळखोबरं दिलं, आणि चुलीपाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "आता पोरीले मटण देत नोको जाऊ. उष्ण पडते."

माझ्या हातात पळी होती. ती मी भगुण्यावर अशी आपटली की तर्री भिंतीवर उडाली.

रविवार होता. कुंदाचे बाबा पाटावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी दोन पाट टाकले. कुंदाला बसवलं, स्वतः बसले. भगुणं ओढून मधोमध घेतलं. आधी कुंदाच्या ताटात कलेजी वाढली, मग माझ्या. मग त्यांच्या.

"हे काय लावलं वं?" ते म्हणाले. "माणसाच्या पंगतीत बाया कायले?"

"जेवाले."

"तुह्यं औषध..."

"मले औषध नोको. मले जेवण पाह्यजे. आन् कुंदालेही. नाई तं पुढच्या खेपेला धंतोलीत तिच्या बाजूच्या खुर्चीत तुमी बसा आन् सांगा, आमचं सावजी हाये म्हणून."

दवाखान्यातला तो दिवस त्यांना आठवला असावा. मान खाली घालून जेवायला लागले. कुंदा घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "खा."

पण सासूबाई पेटल्या. चुलीपाशी उभ्या होत्या. "लाज सोडली! म्या या चुलीपाशी जन्म काढला. मले कोणी देल्लं? म्या मागतलं का कधी? म्या मेली का?"

माझ्याजवळ तिखट उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं साठवलेलं होतं, मसाल्यासारखं वाटून ठेवलेलं. आणि मी ते बोलणारच होते. पण त्या म्हणाल्या ते खरं होतं. त्यांना कोणी दिलं नव्हतं. मला ते तोवर कधी सुचलंच नव्हतं.

मी उठले. चौथा पाट टाकला. ताट मांडलं, भाकर ठेवली, कलेजीच्या दोन बोट्या वाढल्या. त्यांना दंडाला धरून बसवलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने ताटातून मान वर केली नाही. मग त्यांनी एक बोटी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि तोंडात टाकली. दात थोडेच उरले होते, पण कलेजी मऊ असते. बराच वेळ त्या चघळत राहिल्या. आमच्या भोजनालयातली कलेजी खायला लोक कामठीहून सायकलने यायचे, आणि फोडणी यांची. मीठ मात्र त्या रश्शावरूनच बघायच्या.

"कलेजी अशी लागते का वं?" त्यांनी मला विचारलं.

मला इतका राग आजारात कधी आला नव्हता. कोणाचा, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी भगुणं त्यांच्याकडे ओढलं आणि त्यांना आणखी वाढलं.